कूलर बंद करा, मग बोलू : गावातून लाइव्ह आणि पॉडकास्ट करणाऱ्यांसाठी आवाजाचं मिक्सिंग

हनुमान जयंतीच्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनाचं लाइव्ह मी पहिल्यांदा केलं, तेव्हा सुरुवातीची ४० मिनिटं लोकांना कीर्तन कमी आणि कूलर जास्त ऐकू आला. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर आणली होती, लॅपटॉपला खोचली होती, स्क्रीनवर हिरव्या पट्ट्याही नाचत होत्या. पण सॉफ्टवेअरमध्ये निवडलेला राहिला लॅपटॉपचा स्वतःचा माइक, आणि लॅपटॉप ठेवलेला कूलरपुढे, तापू नये म्हणून. शेवटी पुण्याहून चुलतभावाचा फोन आला, "महाराज दिसून रायले बापा, पण हे घरघर काहून चालू आहे?"

तेव्हापासून आर्वीकडच्या चार-पाच गावांतले कार्यक्रम केले, घरी बसून गप्पांचे भाग रेकॉर्ड केले, आणि जवळपास प्रत्येक चूक एकदा तरी केली. आता गावातली पोट्टी विचारतात, भाऊ कुठून सुरू करू? त्यांना दर वेळी तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढतो. ज्यानं आजवर मिक्सरला हातही लावला नाही, त्याच्यासाठी हे आहे.

सामान

साधा, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप चालतो. सॉफ्टवेअर दोनच घ्या. लाइव्हसाठी ओबीएस स्टुडिओ, पॉडकास्टच्या काटछाटीसाठी ऑडॅसिटी. ओबीएस २०१२ पासून आहे, ऑडॅसिटी २००० पासून. दोन्ही फुकट आणि मुक्त स्रोत. दोन्ही त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. गुगलवर 'फ्री डाउनलोड' शोधून जे पहिलं पान येईल तिथून घेतलं, की सोबत दोन-चार नको ते पाहुणेही लॅपटॉपमध्ये येऊन बसतात.

कानाला वायरवाला इअरफोन लावा. ब्लूटूथवाला गाणी ऐकायला ठीक आहे, या कामाला नाही. त्याचा आवाज उशिरा पोचतो, आणि त्याचाच माइक वापरायला गेलात तर सगळा आवाज फोनवर बोलल्यासारखा बसका होतो.

माइकच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. गावात डायनॅमिक माइक घ्या, कंडेन्सर नको. कंडेन्सर नाजूक कानाचा असतो. शहरातल्या बंद खोलीत तो छान, पण आपल्याकडे तो बोलणाऱ्यासोबत पिठाची गिरणी, रस्त्यावरचा ट्रॅक्टर आणि शेजारच्या कोंबड्याचीही मुलाखत घेतो. डायनॅमिक माइक तोंडाजवळचं ऐकतो, लांबचं सोडून देतो. त्याला वीतभर अंतराच्या आत बोलावं लागतं, एवढीच त्याची अट.

कॉलरला लावायचा स्वस्त माइक घेणार असाल तर त्याच्या पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघा असतील तर तो मोबाइलसाठी आहे. दोन असतील तर कॅमेरा किंवा रेकॉर्डरसाठी. दोन रेघांचा माइक मोबाइलला थेट लावला की बहुतेक वेळा मोबाइल त्याला ओळखतच नाही, आपल्या पोटातल्या माइकनंच रेकॉर्ड करत राहतो, आणि आपल्याला वाटतं कॉलर माइकचा आवाज असाच असतो.

सप्ता, गणपती, शंकरपट, झाडीपट्टीचं नाटक असं काही दाखवायचं असेल तर आणखी एक वस्तू लागते : यूएसबी साऊंड कार्ड, लाइन इनवालं. लाल-पांढऱ्या आरसीए पिना घेणारं एक छोटं डबडं असतं. बेहरिंगरचं यूसीए २०२ किंवा २२२ त्याच जातीचं. लॅपटॉपची माइकची भोकं माइकच्या कमजोर करंटसाठी बनलेली असतात. मिक्सरमधून येणारा सिग्नल त्याच्या कितीतरी पट जोरदार असतो. तो थेट त्या भोकात सोडला की आवाज फाटतो, आणि मग सॉफ्टवेअरमध्ये कितीही खाली ओढा, फाटलेलाच हळू आवाजात ऐकू येतो.

दांड कुठून कुठे

मिक्सिंग सॉफ्टवेअर उघडलं की नवा माणूस बटणं पाहून घाबरतो. ज्यानं ओलिताचं पाणी फिरवलं आहे, त्यानं घाबरायचं कारण नाही. विहिरीवर मोटार, तिथून पाट, पाटातून दांड, दांडातून सऱ्या. कोणत्या वाफ्याला बारं द्यायचं, कोणाचं तोंड मातीनं बुजवायचं, एवढंच तर असतं. आवाजाचंही तेच आहे.

माइक ही विहीर. गेन म्हणजे मोटारीवरचा व्हॉल्व्ह, पाणी मुळातच किती सोडायचं ते तो ठरवतो. मिक्सरमधली सरकणारी पट्टी, म्हणजे फेडर, हे दांडाचं तोंड. आलेल्या पाण्यातलं किती पुढं जाऊ द्यायचं ते त्याचं काम. आणि वाफे दोन : एक प्रेक्षकांचा, एक तुमच्या स्वतःच्या कानाचा. पाहुणा फोनवर असेल तर त्याचा तिसरा. नव्या लोकांच्या दहापैकी नऊ अडचणी एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात शिरल्यानं होतात. घुमणारा आवाज, दोनदा ऐकू येणारा आवाज, पाहुण्याला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येणं, सगळं त्यातलंच. म्हणून कोणतंही बटण दाबायच्या आधी वहीच्या पानावर रेघा मारून घ्या : कोणता आवाज कुठून येणार आणि कुठे कुठे जाणार. मी अजूनही मारतो.

ओबीएसची पहिली मांडणी

ओबीएस पहिल्यांदा उघडल्यावर स्वतःहून दोन आवाज घेऊन बसतो : डेस्कटॉप ऑडिओ, म्हणजे लॅपटॉपमध्ये वाजणारं काहीही, आणि माइक, म्हणजे विंडोजला जो बरा वाटेल तो. माझा कूलर तिथूनच घुसला होता. सेटिंग्जमध्ये ऑडिओत जा आणि ग्लोबल ऑडिओ डिव्हाइसेसच्या खालच्या सगळ्या रकान्यांत 'डिसेबल्ड' करा. मिक्सर रिकामा दिसेल. तसाच हवा आहे. आता जे येईल ते तुम्ही बोलावलेलं असेल.

त्याच पानावर वर सॅम्पल रेट आहे, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा. तो ४८ किलोहर्ट्झ ठेवा. विंडोजच्या साऊंड सेटिंगमध्येही त्या माइकला किंवा कार्डाला तोच आकडा द्या. एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ असलं की कधी कधी आवाजात तडतड येते.

मग सीन बनवा. सीन म्हणजे एका वेळी लोकांना दाखवायच्या चित्राची आणि आवाजाची एक मांडणी. खाली डावीकडे 'सीन्स' आहे. तिथं दोन करा, एक 'कार्यक्रम' आणि एक 'मध्यंतर'. 'कार्यक्रम' निवडून 'सोर्सेस'मध्ये अधिकचं चिन्ह दाबा, 'ऑडिओ इनपुट कॅप्चर' घ्या, यादीतून नेमकं तुमचं यूएसबी कार्ड किंवा माइक निवडा. 'डिफॉल्ट' कधीच निवडू नका. डिफॉल्ट म्हणजे 'कोणीतरी पाहून घेईल'. सोर्सला मराठीत नाव द्या, 'महाराज' किंवा 'मांडव'. घाईच्या वेळी 'ऑडिओ इनपुट कॅप्चर ३' वाचून काही उमगत नाही.

आता परीक्षा. लॅपटॉपच्या अंगावर नखानं टकटक करा. मिक्सरमधली पट्टी उसळली तर तुम्ही लॅपटॉपचा माइक निवडला आहे. मग खऱ्या माइकवर टकटक करा, आता उसळली पाहिजे. सारा खेळ दहा सेकंदांचा आहे, तो केला असता तर माझी ती ४० मिनिटं वाचली असती.

'मध्यंतर' सीनमध्ये एक चित्र टाका, 'थोड्याच वेळात पुन्हा' असं लिहिलेलं, आणि माइक मुद्दाम टाकू नका. सीनच्या आत टाकलेला आवाज त्या सीनपुरताच असतो, म्हणून मध्यंतरावर गेलात की माइक आपोआप बंद. हे मी शहाणपणानं शिकलो नाही. एकदा चहाच्या सुट्टीत मी फक्त चित्र बदललं, माइक उघडाच राहिला, आणि स्टेजवरच्या दोन काकाजींची वर्गणी कोणी किती बुडवली यावरची चर्चा नावानिशी गावोगावी गेली. पुढच्या वर्षी वर्गणी मात्र वेळेत जमा झाली.

मध्यंतरात साऊंडवाला पेन ड्राइव्हवरची गाणी लावतो, तीही लाइव्हवर जाऊ देऊ नका. यूट्यूब कंपनीच्या मालकीची गाणी आपोआप ओळखतं. त्यावरून व्हिडिओवर दावा लागतो, कधी चालू लाइव्हही अडवलं जातं. संगीत हवंच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं फुकटचं घ्या.

हिरवा, पिवळा, लाल

ओबीएसच्या मिक्सरवर आकडे डेसिबलचे, म्हणजे आवाजाच्या जोराचे, आणि उणे असतात. उजवं टोक म्हणजे शून्य, आणि ते छत आहे. उणे २० पर्यंत हिरवा, उणे २० ते उणे ९ पिवळा, तिथून पुढे लाल. सरळ बोलणं पिवळ्यात खेळू द्या. महाराज चढ्या आवाजात 'पुंडलिक वरदा' म्हणतील तेव्हा लालमध्ये डोकावलं तरी चालेल, शून्याला टेकता कामा नये. शून्याच्या वर डिजिटलमध्ये जागाच नाही. जो आवाज वर गेला त्याचं डोकं कापलं जातं, आणि कापलेलं पुन्हा जोडता येत नाही.

इथं साऊंडवाल्या भाऊंशी हमखास गफलत होते. त्यांच्या मिक्सरवर शून्य म्हणजे 'बरोबर भरलंय', त्याच्या वर अजून पिवळे-लाल दिवे असतात आणि त्यांना सवयच असते थोडं वर ठेवायची. तुमच्या लॅपटॉपचं शून्य म्हणजे भिंत. ते म्हणतात "झिरोवरच तं आहे", तुम्ही म्हणता "फाटून रायलं", आणि दोघंही खरं बोलत असता. उपाय एकच : त्यांना त्यांच्या शून्यावर राहू द्या, आणि मधल्या वायरीच्या वाटेवर कमी करा. बहुतेक मिक्सरवर रेकॉर्ड आउटला वेगळं बटण नसतं. मग ऑक्स सेंडमधून, म्हणजे मिक्सरमधून बाहेर जाणाऱ्या जादा वाटेनं घ्या, तिथं तुमच्यासाठी वेगळं बटण मिळतं.

फिल्टर, जपून

मिक्सरमध्ये त्या आवाजाच्या तीन टिंबांवर किंवा चक्रावर टिचकी मारली की 'फिल्टर्स' मिळतो. यूट्यूबवर पाहून एकदम सात-आठ फिल्टर लावणारे मी पाहिले आहेत. मी या क्रमानं लावतो : नॉइज सप्रेशन, कॉम्प्रेसर, लिमिटर. बस.

नॉइज सप्रेशनमध्ये 'आरएननॉइज' (RNNoise) निवडलं की मागची घरघर पुसली जाते. माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं गोंधळ समजून काढायचं, असं ते शिकलेलं आहे. पण भजनात हेच उलटतं. खंजिरी, टाळ, हार्मोनियम, सगळं त्याच्या लेखी गोंधळच. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीच्या वळणाची खंजिरी वाजत असते, आणि ऐकणाऱ्याला मधूनच थाप येते, मधूनच गायब होते. म्हणून नियम साधा ठेवा : बोलणं असेल तर लावा, वाद्य असेल तर काढा.

माझ्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या मी रेकॉर्ड केल्या होत्या. घरी आल्यावर हौसेनं सगळा गोंधळ साफ केला, आणि ऐकलं तर मावशी एकटीच हवेत गात होती. जात्याची घरघर हीच त्या गाण्याची साथ, ती मीच पुसून टाकली होती. मूळ फाइल ठेवली होती म्हणून वाचलं. मूळ फाइलवर कधीच काम करू नका, आधी नक्कल करा.

कॉम्प्रेसर म्हणजे उंच-सखल रान थोडं सपाट करणं. कीर्तनकार कुजबुजतात आणि ओरडतातही. कॉम्प्रेसर ओरडणं दाबतो, मग एकूण आवाज उचलता येतो. ओबीएस त्याला १०:१ असं जबर प्रमाण देऊन ठेवतो. ते ३:१ किंवा ४:१ वर आणा, थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वरचं दाबायचं ती पातळी, उणे १८ च्या आसपास. आवाज दबल्यासारखा, दम लागल्यासारखा वाटला तर जास्त झालं असं समजा. लिमिटर सगळ्यात शेवटी, उणे ३ वर. तो कुंपण आहे. कोणी माइक पाडला, कोणी खाकरला, तरी त्यापलीकडे काही जात नाही.

नॉइज गेट मी सांगत नाही. तो बोलणं थांबलं की दार लावतो आणि सुरू झालं की उघडतो, पण आपल्याकडच्या सावकाश बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं वाक्याचं शेपूट दर वेळी त्या दारात अडकतं.

मांडवातला आवाज आणि लाइव्हचा आवाज

हे समजायला मला दोन सप्ते लागले. मिक्सरमधून स्वच्छ सिग्नल घेतला, लेव्हल बरोबर, तरी बाहेरगावचे लोक म्हणाले, मृदंग ऐकूच येत नाही.

कारण असं. मांडवात मृदंग मुळातच मोठ्यानं वाजतो. समोर बसलेल्याला तो माइकशिवायही ऐकू येतो. म्हणून साऊंडवाला मिक्सरवर मृदंगाचा माइक अगदी कमी ठेवतो, आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे. पण तुमच्या वायरीत येतं ते फक्त मिक्सरमधलं. हवेतून येणारा मृदंग, टाळकऱ्यांचा गजर, 'विठ्ठल विठ्ठल'ला उठणारा सगळ्या मांडवाचा आवाज, यातलं काहीच वायरीत नसतं. मग लाइव्हवर महाराज बंद खोलीत एकटे बोलल्यासारखे वाटतात.

म्हणून मांडवासाठी एक वेगळा माइक ठेवा. यूएसबी माइक असेल तर उत्तम, तो टाळकऱ्यांच्या बाजूला, स्पीकरच्या तोंडापुढे नको. ओबीएसमध्ये त्याला दुसरा 'ऑडिओ इनपुट कॅप्चर' द्या, नाव 'मांडव', आणि फेडर असा ठेवा की मुख्य आवाज बंद केला तर तो जाणवेल, चालू असताना वेगळा कळणार नाही. गजराला दोन बोटं वर, निरूपणाला पुन्हा खाली. खरं मिक्सिंग ते एवढंच. बाकी सगळी तयारी.

आणखी एक : एका कानातच आवाज. साऊंडवाल्यानं दोनपैकी एकच वायर दिली की इअरफोनवाल्याला फक्त डाव्या कानात कीर्तन ऐकू येतं. ओबीएसच्या मिक्सरमधून 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज' उघडा, त्या ओळीतल्या 'मोनो'वर, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, खूण करा. संपलं. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून तपासणाऱ्याला हा दोष कधी सापडत नाही, म्हणून इअरफोन.

वायरीतून सतत 'हुंऽऽ' येत असेल तर चार्जर काढून पाहा. लॅपटॉप बॅटरीवर गेल्याबरोबर आवाज थांबला, तर दोष अर्थिंगचा. आपली वीज ५० हर्ट्झची, हा गुणगुणाट तिचाच. चार्जर आणि साऊंडवाल्याचा मिक्सर एकाच बोर्डातून घ्या. तरी राहिला तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर नावाचं लहानसं यंत्र लावतात. अर्थची पिन मोडून टाकण्याचा जो सल्ला मिळतो तो ऐकू नका. स्टेजवर लोखंडी खांब, ओली जमीन आणि हातात माइक असलेला माणूस असतो.

ओठ आणि आवाज

मोबाइल कॅमेरा म्हणून जोडला की चित्र उशिरा पोचतं, आवाज आधी. मुद्दाम एकदा कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून मिनिटभर रेकॉर्ड करा, मग सावकाश पाहा. टाळी ऐकू आल्यावर हात चार फ्रेमनं उशिरा मिळत असतील, तर ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम साधारण ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे १३० च्या आसपास उशीर. 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये 'सिंक ऑफसेट'ला १३० लिहा. दोन-तीन वेळा टाळ्या वाजवाव्या लागतात, आणि बाजूनं जाणारे बघून हसतात.

लाइट आणि नेट

लाइट जाणार आहे असं धरूनच चाला. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगचा प्रकार 'एमकेव्ही' ठेवा. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्ड करताना लॅपटॉप मधेच बंद पडला तर अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्ही तुटली तरी तिथपर्यंतचं शाबूत राहतं. नंतर फाइल मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'नं तिची एमपी४ करता येते, आणि लाइव्ह करताना रेकॉर्डिंगचं बटणही दाबाच. टॉवर गेला तरी कार्यक्रम तुमच्याजवळ राहतो.

नेटचा हिशेब असा. सेकंदाला किती किलोबिट जातात ते केबीपीएस, त्यालाच बिटरेट म्हणतात. १२८ केबीपीएसचा आवाज तासाला साधारण ५८ एमबी खातो. १५०० केबीपीएसचं चित्र तासाला ६७५ एमबी. म्हणजे भार चित्राचाच आहे, आवाज फुकटातच जातो म्हणा ना. नेट कमी पडलं की लोक आवाजाचा बिटरेट उतरवतात, ते उलटं आहे. चित्र उतरवा, ७२० वरून ४८० वर या, तेही जमत नसेल तर नुसता एक फोटो ठेवा आणि आवाज १२८ वरच राहू द्या. अपलोडचा वेग जागेवर जाऊन, कार्यक्रमाच्याच वेळी मोजा. दुपारी शेतात मिळणारा वेग संध्याकाळी गावात मिळत नाही. आलेल्या आकड्याच्या निम्म्यात काम भागवा.

आणि पहिलंच लाइव्ह असेल तर चॅनेलवर ते दोन दिवस आधी चालू करून ठेवा. यूट्यूब नव्या चॅनेलला लाइव्ह उघडून द्यायला २४ तासांपर्यंत घेतं. मोबाइलवरून थेट करायचं तर निदान ५० सबस्क्रायबर लागतात. ओबीएसमधून करताना ती अट नाही.

घरचं पॉडकास्ट

पॉडकास्टमध्ये लाइव्हची धावपळ नसते, चुका कापता येतात. पण आपली घरं मोठी परीक्षा घेतात. टिनाचं छप्पर, चुन्याची कोरी भिंत, फरशी; आवाज भांड्यात बोलल्यासारखा घुमतो. फोम विकत आणू नका. कापसाच्या मुलखात राहतो आपण, घरात दोन-तीन रुईच्या गाद्या असतातच. एक बोलणाऱ्याच्या मागं भिंतीला उभी करा, एक समोर, टेबलावर चादर घडी करून टाका. फरक लगेच कळतो. पावसाळ्यात टिनाखाली रेकॉर्डिंग ठरवूच नका, आणि मे महिन्यात पहाटे पाचला करा. ४५ डिग्रीत दुपारी कूलर बंद ठेवून पाहुण्याला तासभर बसवणं हा माणुसकीचा प्रश्न आहे.

ऑडॅसिटीत मोनो निवडा, स्टीरिओ नको. एक माणूस बोलतो, त्याला दोन कान कशाला. लाल गोळा दाबा, आणि पहिले दहा सेकंद कोणीच बोलू नका. ही शांतता पुढं कामाला येते. झाल्यावर ती दहा सेकंदं माउसनं निवडायची, इफेक्टमधून 'नॉइज रिडक्शन', त्यात 'गेट नॉइज प्रोफाइल'. मग सगळं निवडून पुन्हा तोच इफेक्ट, या वेळी ओके. ६ ते ९ डेसिबलपुरतं थांबा. त्याहून जास्त ओढलं की माणूस विहिरीत पडून बोलतोय असं वाटतं.

काटछाट करताना प्रत्येक 'म्हणजे' आणि 'काय म्हंते' कापू नका. एका शेतकरी दादांच्या बोंडअळीवरच्या बोलण्यातल्या सगळ्या थांबण्या मी कापल्या होत्या. भाग ऐकून ते म्हणाले, "मी एवढा भरभर कधी बोललो बे?" श्वास ठेवा, खोकला कापा.

शेवटी 'लाउडनेस नॉर्मलायझेशन', म्हणजे अख्ख्या भागाचा आवाज एका ठरावीक पातळीवर आणणं. त्या पातळीचं एकक एलयूएफएस. ॲपल पॉडकास्टवाल्यांची शिफारस उणे १६ ची आहे, एक इकडे-तिकडे. मोनो फाइल असेल तर त्या खिडकीतली 'ट्रीट मोनो ॲज ड्युअल मोनो' ही खूण तशीच राहू द्या. मग मोनो एमपी३, ६४ केबीपीएस. तासाभराचा भाग २९ एमबीच्या आत बसतो, व्हॉट्सॲपवर जातो, आणि ज्याच्याकडे दिवसाला दीड जीबीचाच पॅक आहे तोही उतरवून घेतो.

पाहुणा नागपुरात, तुम्ही गावात

पाहुणा कॉलवर असेल तर दांडाची वही पुन्हा काढा. पाहुण्याला तुमचा आवाज गेला पाहिजे, त्याचा स्वतःचा परत जाता कामा नये. ओबीएसच्या २८ व्या आवृत्तीपासून विंडोजवर 'ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर' नावाचा सोर्स आहे. कॉल ज्या ब्राउझरमध्ये किंवा ॲपमध्ये आहे तेवढंच त्यातून उचला, तुमचा माइक वेगळ्या सोर्सनं घ्या, आणि कॉलमध्ये माइक म्हणून तोच तुमचा माइक निवडा. पाहुण्याचा आवाज माइकमध्ये शिरू नये म्हणून इअरफोन घालायचाच. एवढ्यानं भागतं.

'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये १ ते ६ ट्रॅकचे चौकोन आहेत. तुमचा माइक १ आणि २ वर, पाहुणा १ आणि ३ वर ठेवा, आणि आउटपुट सेटिंग ॲडव्हान्स्ड करून तिथं हे तिन्ही ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी निवडा. पाहुणा बोलताना तुम्ही खोकलात तर नंतर फक्त तुमचा ट्रॅक कापता येतो. ऑडॅसिटीला अशी फाइल उघडायला एफएफएमपेग नावाचं जोड-सॉफ्टवेअर लागतं, ते एकदा वेगळं बसवून घ्या.

पाहुण्यालाही गाणं किंवा जुनी टेप ऐकवायची असेल तरच व्हॉइसमीटर या लॅपटॉपमधले आवाज वळवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जा. त्याची 'बनाना' आवृत्ती तीन खरे आणि दोन आभासी आवाज घेते आणि कोणता कुठं पाठवायचा ते ए आणि बीच्या बटणांनी ठरवू देते. सोय मोठी आहे, पण पहिल्या महिन्यात नको. मी स्वतः तिसऱ्या वेळी बसवला तेव्हा कुठं जमलं, आणि मधल्या दोन वेळा लॅपटॉपमधून आवाजच गेला होता. तसं झालं तर विंडोजच्या साऊंड सेटिंगमध्ये आउटपुट पुन्हा आपल्या स्पीकरवर आणा, आवाज परत येतो.

सुरू करायच्या आधीची पाच मिनिटं

यूट्यूबच्या पानाचा टॅब त्याच लॅपटॉपवर उघडा असेल तर म्यूट करा. तुमचंच लाइव्ह काही सेकंदांनी परत माइकपाशी येतं आणि घुमायला लागतं. माइकजवळचे मोबाइल सायलेंटवर नाही, विमान मोडवर. एक मिनिट रेकॉर्ड करून इअरफोननं ऐका. माइकवर टकटक करा. चार्जर, कार्ड आणि वायर टेपनं टेबलाला चिकटवा, कारण प्रसादाच्या वेळी तिथून दोनशे माणसं जाणार असतात.

मग गावाबाहेरच्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा की लाइव्ह सुरू झाल्याबरोबर ऐक आणि फोन कर. माझ्याकडे तो चुलतभाऊच आहे. हल्ली तो फोन करून एवढंच विचारतो, "कूलर बंद केला ना?"